फाइल कॉपी रखडतेय? सेटिंगला हात लावण्याआधी आकडा वाचा

कॉपी लावली, खिडकीत ‘दोन तास’ दिसले, चहा पिऊन परत आलात तर ‘पाच तास’. इथून पुढे बहुतेकांचा क्रम ठरलेला असतो. आधी अँटिव्हायरस बंद करायचा, मग डिफ्रॅग (डिस्कवर विखुरलेले फाइलींचे तुकडे एकत्र लावणं), मग कुठल्याशा व्हिडिओत पाहिलेली रजिस्ट्रीतली, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदीतली, करामत, आणि तरीही फरक पडला नाही की नवीन एसएसडी, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर साठवणारी जलद डिस्क. जखम मांडीला, मलम शेंडीला.

कॉपीला दोन टोकं असतात आणि मधे एक रस्ता. या तिघांत जो सगळ्यात मंद, त्याच्या वेगानं कॉपी होते. बाकीचे दोन कितीही महाग असले तरी फरक पडत नाही. म्हणून आधी कोण मंद आहे ते शोधायचं आणि मगच हात घालायचा. खालचा क्रम विंडोज १० आणि ११ धरून लिहिला आहे. मॅक आणि लिनक्सचं जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलंय. पायऱ्या उलटसुलट करू नका. पहिल्या तीन पायऱ्यांत, वनड्राइव्हचा एक अपवाद सोडला तर, काहीही बदलायचं नाही, फक्त बघायचं आहे.

१. कागदावर चार गोष्टी लिहा

कुठून, कुठे, कोणत्या वाटेनं आणि किती. ‘किती’मध्ये दोन आकडे हवेत: एकूण आकार आणि फाइलींची संख्या. फोल्डरवर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा, दोन्ही तिथेच मिळतात. मिळून दोनशे जीबीच्या चार फाइली आणि मिळून दोनशे जीबीच्या दीड लाख फाइली ही दोन अगदी वेगळी कामं आहेत, आणि त्यांचे उपायही वेगळे.

मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्सवर जा. डावीकडे ‘डिस्क ०’, ‘डिस्क १’ अशी यादी असते. प्रत्येकापुढे कंसात कोणती ड्राइव्ह अक्षरं त्या डिस्कवर आहेत ते दिसतं आणि डिस्क एसएसडी आहे की एचडीडी (तबकडीची हार्ड डिस्क) तेही. इथेच बऱ्याच जणांना पहिला धक्का बसतो: ‘डिस्क ० (सी: डी:)’. म्हणजे सी आणि डी या दोन डिस्क नव्हेत, एकाच डिस्कचे दोन कप्पे आहेत. हार्ड डिस्कवर सीमधून डीमध्ये कॉपी करताना वाचणारं आणि लिहिणारं डोकं एकच असतं. ते इकडे थोडं वाचतं, तिकडे धावत जाऊन लिहितं आणि परत येतं. वेग निम्म्याहून खाली येतो. हा बिघाड नाही, त्या यंत्राची रचनाच तशी आहे.

तपासून घ्या: फाइली वनड्राइव्हच्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीच्या, फोल्डरमध्ये तर नाहीत ना? अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपवर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर नकळत वनड्राइव्हखाली गेलेले असतात. फाइलीच्या नावाजवळ ढगाचं चिन्ह दिसलं तर ती फाइल तुमच्या डिस्कवर नाहीच, इंटरनेटवर आहे. कॉपी करताना ती आधी उतरवली जाते. अशा वेळी पेनड्राइव्हला कितीही दोष दिलात तरी खरा वेग तुमच्या ब्रॉडबँडचा असतो. त्या फोल्डरवर राइट-क्लिक करून ‘कायम या उपकरणावर ठेवा’ अशा अर्थाचा पर्याय निवडा, सगळं उतरू द्या आणि मगच कॉपी लावा.

२. एक मोठी फाइल नेऊन वेग मोजा

आठ-दहा जीबीची एकच फाइल घ्या. एखादा लांब व्हिडिओ चालेल. ती त्याच ठिकाणाहून त्याच ठिकाणी कॉपी करा. कॉपीच्या खिडकीत ‘मोअर डिटेल्स’वर क्लिक केलं की वेगाचा आलेख दिसतो. विंडोज ८ पासून ही सोय आहे, तरी ती खिडकी मिटलेलीच ठेवायची लोकांची सवय जात नाही.

पहिल्या वीस-तीस सेकंदांचा आकडा लिहून घेऊ नका. फाइल आधी रॅममध्ये जाते, काही डिस्कना स्वतःचा जलद कप्पा असतो, आणि तो भरेपर्यंत वेग डोळे दिपवणारा दिसतो. खरा आकडा मिनिट-दोन मिनिटांनी स्थिरावतो. एसएसडी जलद असेल तर दहा जीबी तेवढ्या वेळात संपूनही जातील. मग पन्नास जीबी घ्या.

आता दुसरी चाचणी. दोन-तीन हजार लहान फाइलींचं एक फोल्डर त्याच वाटेनं न्या आणि तोही वेग लिहा.

सावध: चाचणी चालू असताना दुसरी कॉपी, विंडोज अपडेट, गेमचं डाउनलोड असं काही सुरू नको. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क नुसतीच शंभर टक्क्यांवर दिसत असेल तर ती का दिसतेय ते आधी बघा.

लिनक्सवाल्यांसाठी: तुमच्याकडे पट्टी झपाट्यानं शंभर टक्क्यांवर जाते आणि मग अनमाउंट करताना, म्हणजे डिस्क काढण्याआधी सोडवताना, दहा मिनिटं काहीच हलत नाही. कॉपी झालेलीच नसते, डेटा रॅममध्ये साठून राहिलेला असतो. टर्मिनलमध्ये ‘सिंक’ ही कमांड द्या. ती परत येईपर्यंत जेवढा वेळ गेला तोही मोजा. पेनड्राइव्ह मधेच उपसून फाइली फुटल्याच्या तक्रारींमागे बहुतेक वेळा हेच निघतं.

३. आकडा काय बोलतोय ते वाचा

मेगाबिट आणि मेगाबाइट यांत आठपटींचा फरक आहे. यूएसबीचा आणि नेटवर्कचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात, कॉपीच्या खिडकीत मेगाबाइट दिसतात. खाली सगळीकडे सेकंदाला किती मेगाबाइट, म्हणजे एमबी, तेच धरलंय.

मोठ्या फाइलीचा वेग ११च्या आसपास खिळून राहिला आणि कॉपी नेटवर्कवरून असेल तर दोष केबल किंवा पोर्टचा. शंभर मेगाबिटची जोडणी प्रत्यक्षात एवढंच देते.

३० ते ४० असेल तर यूएसबी २.०. त्याची कागदावरची मर्यादा ४८० मेगाबिट, म्हणजे ६० एमबी, आणि हातात पडतात पस्तीस-चाळीस. पोर्टेबल हार्ड डिस्क ३८वर सपाट चालली आहे, आलेखात चढउतारच नाहीत, हे चित्र दिसलं की मी डिस्ककडे बघतही नाही, वायरकडे बघतो.

८० ते १३० ही लॅपटॉपच्या आणि पोर्टेबल हार्ड डिस्कची तब्येत ठीक असल्याची खूण. यापुढे ती जाणार नाही. डिस्क भरत आली की वेग आणखी उतरतो, कारण तबकडीच्या बाहेरच्या वर्तुळांवर एका फेरीत जास्त डेटा मावतो आणि आतल्या वर्तुळांवर कमी. गिगाबिट लॅनही (केबलचं घरातलं किंवा ऑफिसातलं नेटवर्क) ११०च्या आसपासच थांबते, त्यामुळे नेटवर्कवर ११० दिसले तर समाधान माना.

साटा या जुन्या जोडणीची एसएसडी ५००च्या पुढे जाते, एनव्हीएमई या नव्या जोडणीची त्याच्या कितीतरी पट.

सुरुवातीला ३००, मग एकदम ४० असा कडा कोसळल्यासारखा आलेख असेल तर एसएसडीचा किंवा पेनड्राइव्हचा जलद कप्पा भरला. स्वस्त एसएसडींत, विशेषतः एका पेशीत चार बिट साठवणाऱ्या क्यूएलसी प्रकारात, हे हमखास होतं. १०० वरून २०, मग शून्य, परत ६० असे हेलकावे पोर्टेबल हार्ड डिस्कवर दिसले तर ती ‘शिंगल्ड’ प्रकारची असू शकते. या प्रकारात डेटाच्या पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या असतात. मधलं एक कौल बदलायचं तर त्यावर टेकलेली पुढची कौलं उचलावी लागतात. दोन्ही ठिकाणी सेटिंगचा उपाय नाही. काम तुकड्यांत करा, मधे डिस्कला दहा-पंधरा मिनिटं मोकळी सोडा.

मोठी फाइल झकास आणि लहान फाइलींत वेग १ ते ५वर आला तर चौथी ते सहावी पायरी वाचून घ्या, पण तुमचं औषध सातव्या पायरीत आहे.

४. आधी रस्ता: वायर, पोर्ट, हब

गेल्या लग्नसराईत ओळखीचे एक फोटोग्राफर रात्री दहाला फोनवर म्हणाले, “अहो, ही डिस्क मेलीय बहुतेक. पाचशे जीबीला चार तास दाखवतेय.” गणित करून बघा: पाचशे जीबी भागिले पस्तीस, बरोबर चार तास. डिस्क मेलेली नव्हती. पोर्टेबल डिस्कचं ते रुंद, मधे खाच असलेलं सॉकेट आठवा. त्याच्या एका अर्ध्या भागात मोबाइलच्या जुन्या चार्जरची मायक्रो यूएसबी पिन चपखल बसते. डिस्कची मूळ वायर कुठेतरी राहिली म्हणून पोरानं ती लावली होती. डिस्क चालते, दिवा लागतो, फाइली दिसतात, पण सॉकेटचा दुसरा अर्धा भाग, ज्यातून यूएसबी ३ चा वेग येतो, तो उघडाच राहतो. मूळ वायर लावल्यावर तेच काम सव्वा तासात आटोपलं.

म्हणून रस्ता तपासताना या क्रमानं जा.

आधी पोर्ट. यूएसबी-ए पोर्टच्या आतली जीभ निळी असेल तर बहुधा यूएसबी ३, काळी किंवा पांढरी असेल तर २. रंगावर पूर्ण भरवसा नको, काही कंपन्या ३ लाही काळी जीभ देतात. पोर्टशेजारी ‘एसएस’ ही इंग्रजी अक्षरं कोरलेली असतील तर ते ३ आहे.

डेस्कटॉपवाल्यांनी कॅबिनेटच्या, म्हणजे ज्याला आपण सगळे सीपीयू म्हणतो त्या डब्याच्या, मागच्या पोर्टमध्ये लावून बघावं. पुढचे पोर्ट सोयीचे असतात, पण जुन्या डब्यांत ते यूएसबी २ च्याच पिनांना जोडलेले सापडतात. हब काढा, एक्स्टेन्शन वायर काढा, कीबोर्डच्या मागे असलेला पोर्ट तर विसराच.

मग वायर. यूएसबी-सीचं तोंड बघून वेग कळत नाही. मोबाइलच्या चार्जरबरोबर आलेली सी वायर बहुतेक वेळा यूएसबी २ चीच असते. डिस्कसोबत आलेल्या वायरीवर रंगीत चिकटपट्टी लावून ठेवा आणि घरातल्यांना सांगा, ही चार्जिंगला घ्यायची नाही.

शेवटी पिन घालण्याची पद्धत, आणि हे ऐकून लोक हसतात. यूएसबी ३ च्या ए पिनमध्ये पुढे जुने चार आणि मागे नवे पाच संपर्क असतात. पिन अगदी हळू सरकवली तर संगणकाला आधी जुने चार भेटतात आणि तो यूएसबी २ समजून जोडणी करून टाकतो. काढा आणि एका दमात आत घाला. वेग वाढला की हसणं थांबतं.

तपासून घ्या: जोडल्यावर विंडोजनं ‘हे उपकरण यापेक्षा जलद चालू शकतं’ अशा अर्थाची सूचना दिली का? ती सूचना आपण सवयीनं बंद करतो. लिनक्सवर ‘एलएसयूएसबी’ कमांडपुढे मोकळी जागा सोडून उणे चिन्ह आणि टी लिहा. डिस्कपुढे ४८०एम दिसलं तर यूएसबी २, ५०००एम दिसलं तर ३. मॅकवर सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये यूएसबीखाली तोच आकडा मिळतो.

जाता जाता: यूएसबी ३ ची डिस्क चालू असताना वायरलेस माउस अडखळायला लागला किंवा वायफाय मंदावलं तर दचकू नका. यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात सांडतो. माउसचा डोंगल दुसऱ्या बाजूच्या पोर्टमध्ये लावा.

५. डिस्क आजारी नाही ना

रस्ता ठीक आहे आणि तरीही वेग मधेच शून्यावर येतो, एक्सप्लोरर गोठतो, डिस्कमधून टक-टक येतं. इथे थांबा. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट साधन उघडा. डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते ती यात दिसते. तीन ओळी बघायच्या: ‘रिअलोकेटेड सेक्टर्स’, ‘करंट पेंडिंग सेक्टर्स’ आणि ‘सीआरसी एरर’. पहिल्या दोनमध्ये शून्यापेक्षा जास्त आकडा असेल आणि तो दर काही दिवसांनी वाढत असेल तर पृष्ठभाग खराब होतोय. फक्त सीआरसी वाढत असेल तर डिस्क नव्हे, डब्यातली साटा केबल बदला. शंभर-दोनशे रुपयांचं काम आहे.

सावध: पेंडिंग सेक्टर दिसत असतील तर त्या डिस्कवर डिफ्रॅग चालवू नका आणि ‘चेकडिस्क’ ही विंडोजची डिस्क तपासणीही नको. दोन्ही कामं आजारी डिस्कला धावायला लावतात. आधी जो डेटा परत मिळणारच नाही तो काढून घ्या: फोटो, हिशेब, कागदपत्रं. सिनेमे आणि सॉफ्टवेअर मागाहून. वेगाचा विचार नंतर.

एसएसडी असेल तर आणखी एक प्रश्न विचारा: ती किती भरलीय? काठोकाठ भरलेली एसएसडी लिहिताना रखडते, कारण नवीन लिहिण्याआधी जुनी जागा साफ करायला तिला मोकळीक उरत नाही. दहा-पंधरा टक्के जागा रिकामी ठेवा. एसएसडीला डिफ्रॅगची गरज नसते. पुसलेल्या फाइलींची जागा मोकळी झाल्याचं तिला कळवणारी ट्रिम ही सोय विंडोज आपणहून चालवतं.

आणि पेनड्राइव्ह. ऑनलाइन पाचशे रुपयांत मिळालेला ‘२ टीबी’चा पेनड्राइव्ह मंद आहे म्हणून तक्रार करू नका, तो बनावट आहे. आत ३२ किंवा ६४ जीबीची चिप असते, आकडा खोटा लिहिलेला असतो, आणि जागा संपली की तो जुन्यावरच लिहीत सुटतो. नवीन पेनड्राइव्हवर महत्त्वाचं काही टाकण्याआधी विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू किंवा लिनक्सवर एफ३ चालवून घ्या. वेळखाऊ आहे, पण लग्नाचा व्हिडिओ हरवण्यापेक्षा परवडलं. खऱ्या कंपनीच्या पेनड्राइव्हच्या डब्यावरही छापलेला मोठा आकडा वाचनाचा असतो. लिहिण्याचा वेग १० ते २० असणं स्वस्त पेनड्राइव्हच्या बाबतीत अजिबात नवल नाही.

६. फॉरमॅट आणि राइट कॅशे

पेनड्राइव्ह किंवा बाहेरची डिस्क कोणत्या पद्धतीनं फॉरमॅट केलीय ते प्रॉपर्टीजमध्ये ‘फाइल सिस्टिम’पुढे दिसतं. एफएटी३२वर ४ जीबीची किंवा त्याहून मोठी फाइल बसतच नाही, जागा कितीही रिकामी असो. फक्त विंडोजवर वापरायची हार्ड डिस्क एनटीएफएस ठेवा. मॅक आणि विंडोज दोन्हींत फिरवायची असेल तर एक्सएफएटी, कारण मॅक एनटीएफएस वाचतो पण त्यावर स्वतःहून लिहीत नाही. एक्सएफएटीत अर्धवट राहिलेल्या लिखाणाची नोंदवही नसते, त्यामुळे अशी डिस्क कधीही उपसून काढायची नाही.

आता राइट कॅशे. २०१८च्या १८०९ या आवृत्तीपासून विंडोज १० नं बाहेरच्या डिस्कसाठी ‘क्विक रिमूव्हल’ ही पद्धत आपसूक लागू केली. डिस्क चटकन काढता येते, पण त्या बदल्यात लिखाणाला कॅशेचा, म्हणजे रॅममधल्या तात्पुरत्या साठ्याचा, आधार मिळत नाही. लहान फाइली भरपूर असतील तर फरक जाणवतो. बदलायचं असेल तर डिव्हाइस मॅनेजर, डिस्क ड्राइव्ह्ज, तुमच्या डिस्कवर राइट-क्लिक, प्रॉपर्टीज, पॉलिसीज आणि तिथे ‘बेटर परफॉर्मन्स’ निवडून खालच्या राइट कॅशिंगवर खूण.

सावध: ही खूण केलीत की घड्याळाजवळच्या चिन्हावरून ‘सेफली रिमूव्ह’ केल्याशिवाय डिस्क काढायची नाही. एकदाही नाही. ती शिस्त घरात किंवा ऑफिसात पाळली जाणार नसेल तर हे सेटिंग आहे तसंच राहू द्या, मी बहुतेकांना हेच सांगतो. तिथेच खाली बफर फ्लशिंग बंद करायची आणखी एक खूण असते. तिला हात लावू नका. वीज गेली की पस्तावाल.

७. बारीक फाइलींचा ढीग

प्रत्येक फाइलीसाठी यादीत नाव घालायचं, तारखा लिहायच्या, परवानग्या लावायच्या, उघडायची, बंद करायची, आणि वाटेत अँटिव्हायरस तिला हुंगणार. हे सगळं दोन केबींच्या फाइललाही लागतं आणि दोन जीबींच्या फाइललाही. मिनिटाला ५४०० फेऱ्या मारणाऱ्या हार्ड डिस्कला एका फेरीला ११ मिलिसेकंद लागतात. एका फाइलमागे अशी एक फेरी फुकट गेली तरी एक लाख फाइलींमागे अठरा मिनिटं नुसती वाट बघण्यात जातात, आणि प्रत्यक्षात एका फाइलमागे अनेक फेऱ्या जातात.

पहिली चूक: एकाच हार्ड डिस्कवर चार-पाच कॉपी एकदम लावणं. वाटतं की कामं समांतर होतील. होतं उलटंच, डोकं पाच ठिकाणी धावतं आणि पाचही रखडतात. एक चालू ठेवा, बाकीच्या खिडक्यांत पॉज दाबा.

दुसरी चूक: सरसकट झिप. झिप करताना त्याच डिस्कवर तेवढ्या फाइली एकदा वाचल्या जातात आणि पुन्हा लिहिल्या जातात. पलीकडे जाऊन लगेच सोडवायचीच असेल तर बऱ्याचदा वेळ वाचत नाही, वाढतो. झिप दोन प्रसंगी फायद्याची. डेटा नुसता जपून ठेवायचा असेल तेव्हा, किंवा स्रोत एसएसडीवर असून पलीकडचा पेनड्राइव्ह किंवा नेटवर्क मंद असेल तेव्हा. आणि फोटो-व्हिडिओ दाबून आणखी लहान होत नाहीत, म्हणून ७-झिपमध्ये ‘स्टोअर’, म्हणजे न दाबता नुसतं एकत्र बांधणं, निवडा. उगाच प्रोसेसर तापवू नका.

तिसरी चूक अँटिव्हायरसची. तो पूर्ण बंद करायचा आणि सुरू करायला विसरायचं. त्याऐवजी विंडोज सिक्युरिटीमध्ये फक्त त्या फोल्डरला अपवाद म्हणून घाला आणि काम झालं की अपवाद काढा. डेटा तुमचा स्वतःचा असेल तरच. झेरॉक्सच्या दुकानातून फिरून आलेला पेनड्राइव्ह असेल तर मंद चालू दे, पण तपासून येऊ दे.

८. मोठ्या कामाला रोबोकॉपी

एक्सप्लोररमध्ये ओढून टाकणं पाच-दहा जीबीला ठीक. त्यापुढे रोबोकॉपी ही कॉपी करणारी कमांड, जी व्हिस्टा या जुन्या आवृत्तीपासून विंडोजमध्येच बसलेली आहे. फाइलींच्या अनेक रांगा एकदम चालवते, अडकली तर पुढे जाते, आणि मधे वीज गेली तर पुन्हा लावल्यावर झालेल्या फाइली सोडून उरलेल्याच घेते. आपल्याकडच्या भारनियमनात हा शेवटचा गुण सोन्याचा.

कमांड प्रॉम्प्टमध्ये खालची ओळ द्यायची. इथे देवनागरीत लिहिली आहे, तुम्ही तीच अक्षरं आणि आकडे इंग्रजीत टाइप करा:

रोबोकॉपी "डी:\फोटो" "एफ:\फोटो" /ई /एमटी:८ /आर:२ /डब्ल्यू:५

‘ई’ म्हणजे आतले सगळे फोल्डर, रिकामेसुद्धा. ‘एमटी’ म्हणजे किती रांगा. एसएसडी किंवा नेटवर्कवर ८ किंवा १६ द्या, दोन्हीकडे हार्ड डिस्क असेल तर २ किंवा ४ देऊन बघा. कमाल १२८ चालतात म्हणून १२८ देऊ नका. ‘आर’ आणि ‘डब्ल्यू’ कधीही विसरायचं नाही, कारण ते दिलं नाहीत तर एका न उघडणाऱ्या फाइलीसाठी रोबोकॉपी दर तीस सेकंदांनी दहा लाख वेळा प्रयत्न करते. सकाळी उठून बघावं तर ती रात्रभर एकाच फाइलीशी झगडत बसलेली. मोजक्या, अगदी मोठ्या फाइली असतील तर ‘/जे’ जोडा.

तपासून घ्या: एंटर दाबण्याआधी तीच ओळ शेवटी ‘/एल’ लावून एकदा चालवा. काय काय जाणार आहे ते ती फक्त दाखवते, करत काहीच नाही.

इथे तीन खड्डे आहेत. पहिला, रोबोकॉपी फोल्डर नेत नाही, फोल्डरच्या आतलं नेते. म्हणून पलीकडच्या पत्त्यात फोल्डरचं नाव पुन्हा लिहावं लागतं, नाहीतर हजारो फोटो डिस्कच्या दारातच सांडतात. दुसरा, अख्खी ड्राइव्ह एखाद्या फोल्डरमध्ये घेतलीत तर ते फोल्डर कधीकधी अदृश्य होतं. डेटा असतो, फोल्डरला लपलेल्या सिस्टिम फोल्डरचा शिक्का बसलेला असतो. ओळीत आधीच ‘/ए-:एसएच’ जोडलं की ही भानगड होत नाही. तिसरा खड्डा खोल आहे: ‘/एमआयआर’.

सावध: ‘/एमआयआर’ म्हणजे आरसा. स्रोतात जे नाही ते पलीकडचंही पुसून टाकतो. दोन्ही पत्त्यांची अदलाबदल झाली आणि रिकाम्या डिस्कचा आरसा भरलेल्या डिस्कवर पडला, तर भरलेली डिस्क रिकामी होते. कचरापेटीतही काही सापडत नाही. साध्या कॉपीला त्याची गरजच नाही.

मॅक आणि लिनक्सवर हेच काम ‘आरसिंक’ करते. तिथे स्रोताच्या शेवटी तिरकी रेघ दिली तर फक्त आतलं जातं, न दिली तर फोल्डरसकट. ही एक रेघ तपासल्याशिवाय एंटर नाही.

९. नेटवर्क आणि मोबाइल

लॅनवर ११ दिसत असेल तर आधी केबल. गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात. एक तार जरी तुटली किंवा पिनेत नीट बसली नसली तरी दोन्ही यंत्रं बऱ्याचदा गुपचूप शंभर मेगाबिटवर येतात, आणि इंटरनेट नीट चालत असल्यानं कुणाला शंका येत नाही. केबलवर ‘कॅट ५ई’ किंवा त्यापुढचं छापलेलं हवं. ती ठीक असेल तर मधला राउटर किंवा स्विच बघा. ब्रॉडबँडबरोबर आलेल्या बऱ्याच राउटरांचे लॅन पोर्ट आजही शंभर मेगाबिटचेच असतात.

दोन्ही लॅपटॉप वायफायवर असतील तर प्रत्येक फाइल हवेतून दोनदा जाते, एकदा राउटरकडे आणि एकदा तिथून पुढे. एक जरी लॅपटॉप वायरनं राउटरला जोडला तरी वेग जवळपास दुप्पट होतो.

मोबाइलमधून घेताना विंडोज एमटीपी नावाची पद्धत वापरतं आणि ती लहान फाइलींत फारच रडवते. ‘कॅमेरा’ फोल्डरमध्ये पंधरा हजार फोटो असतील तर यादी भरायलाच काही मिनिटं जातात. फोनवरच्या फाइल मॅनेजरमध्ये वर्षावार फोल्डर करून थोडं थोडं घ्या आणि फोनमधून कट कधीही करू नका. महागातल्या फोनच्या सी पोर्टलाही यूएसबी ३ असेलच असं नाही. साधा आयफोन १५ सी पोर्टचा असूनही यूएसबी २च्याच वेगानं चालतो.

१०. पडताळणी, आणि मगच डिलीट

दोन वेगळ्या डिस्कमध्ये ‘कट’ म्हणजे मुळात कॉपी आणि त्यानंतर पुसणं. मधे वायर हलली तर अर्धं इकडे, अर्धं तिकडे. म्हणून नेहमी कॉपी करा, तपासा आणि स्वतःच्या हातानं पुसा. एकाच ड्राइव्हच्या आत मात्र बेलाशक कट करा. तिथे फक्त पत्ता बदलतो आणि काम क्षणात होतं.

दोन्ही फोल्डरांच्या प्रॉपर्टीज शेजारी शेजारी उघडा. फाइलींची संख्या आणि ‘साइज’ जुळायला हवी. ‘साइज ऑन डिस्क’ जुळणार नाही, त्याची काळजी नको, ते फॉरमॅटवर अवलंबून असतं. संख्येत एक-दोनचा फरक आला तर लपलेल्या ‘डेस्कटॉप.आयएनआय’सारख्या फाइली बघा. रोबोकॉपीनं केलं असेल तर तीच ओळ ‘/एल’ लावून पुन्हा चालवा. कॉपी करण्यासारखं शून्य उरलं असं तिनं सांगितलं की झालं.

मग डिस्क ‘सेफली रिमूव्ह’ करा, वायर काढा, पुन्हा लावा आणि आता त्यातून आठ-दहा फाइली उघडून बघा: काही सुरुवातीच्या, काही शेवटच्या, एक मोठा व्हिडिओ मधूनच. वायर काढल्याशिवाय उघडलंत तर विंडोज रॅममधलीच प्रत दाखवू शकतं आणि डिस्कवर काय पोचलं ते कळत नाही.

एवढं झाल्यावर मूळ प्रत पुसा. कॅमेऱ्याचं कार्ड असेल तर ते संगणकावर पुसत बसू नका, कॅमेऱ्यात घालून तिथेच फॉरमॅट करा.